पाणी कुठे मुरते?

व्यवहारात काही काळेबेरे दिसले, की 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण म्हणतो. सोलापुरात हा वाक्प्रचार शब्दशः घेण्याची पाळी येते. गेली कित्येक वर्षे येथे नळाला रोज पाणी नाही; कधी दिवसाआड, कधी तीन-चार दिवसांनी. टाकीत भरलेले पाणी पुरवून वापरायचे. अशात आमच्या न्हाणीघरातील वॉश-बेसिनखाली पाणी साचू लागले. थेंब बॉटल ट्रॅपच्या तळाशी लोंबत होता, म्हणून ट्रॅपच बदलला. पाणी साचतच राहिले.

बेसिनखाली पाण्याचे दोन मार्ग असतात. एक टाकीतून नळाकडे येणारा, नेहमी भरलेला आणि दाबाखालचा; दुसरा सांडपाण्याचा, बेसिन वापरले तरच वाहणारा. मुरणारे पाणी यांपैकी कोणते? पाण्यावर नाव लिहिलेले नसते. त्यावर एक तोडगा म्हणजे पाण्याला रंग देणे. हा तोडगा एकदा एका नदीवर वापरला गेला आहे.

जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी तळाच्या चुनखडकातील भेगांत नाहीसे होते. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडे. खालच्या अंगाचे गिरणीवाले म्हणत, भेगा बुजवा. सुमारे 12 किलोमीटरवरील आख नदीच्या उगमावर ज्यांचे कारखाने चालत, त्यांचा याला विरोध होता. हे पाणी आपल्याकडेच येते असा त्यांचा कयास होता. ऑक्टोबर 1877 मध्ये प्रा. क्नोप यांनी त्या भेगांत 10 किलो फ्लुओरेसीन सोडले. बायर या रसायनशास्त्रज्ञाने 1871 मध्ये तयार केलेला हा रंग अत्यंत विरल असतानाही हिरवा चमकतो. सुमारे 60 तासांनी आखचा उगम हिरवागार झाला!

आम्ही फ्लुओरेसीनऐवजी कपड्यांची नीळ घेतली. बेसिन निळ्या पाण्याने भरून सोडून दिले. खालचा थेंब मात्र स्वच्छच पडला. म्हणजे गळती येणाऱ्या पाण्याची होती आणि बिचाऱ्या ट्रॅपचा काही दोष नव्हता.

येणाऱ्या पाण्याची गळती शोधण्याची शास्त्रीय रीत लिव्हरपूल शहरात बसली. तेव्हा तेथेही पाणी टंचाईमुळे ठरावीक तासच सोडत. नगर अभियंता जॉर्ज डीकन याने 1873 मध्ये एक मीटर बनवला. शंकूच्या आकाराच्या नळीत एक चकती टांगलेली. प्रवाह जितका जास्त तितकी ती अधिक सरके, आणि तिला तारेने जोडलेली पेन्सिल घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर रेघ काढी. मध्यरात्री सारे झोपलेले असताना रेघ शून्यावर यायला हवी. येत नसेल, तर तेवढे पाणी गळतीचे. मग निरीक्षक रस्त्याने एकेका घराची तोटी बंद करीत जाई व वेळ टिपून ठेवी. सकाळी कागद पाहिला की ज्या मिनिटाला रेघ खाली आली, ते घर सापडे. लाकडी दांडी नळाला टेकवून, दुसरे टोक कानाला लावून गळतीची सूं-सूं ऐकणे हेही त्याच रात्रपाळीतले काम. अशा गळत्या बंद करून लिव्हरपूलने नवे धरण न बांधता पुन्हा चोवीस तास पाणी दिले. मला हे धरणाहून मोठे काम वाटते. डीकनने पुढे व्हर्नवीचे मोठे धरणही बांधले, हा भाग वेगळा.

त्याच सुमारास, 1871 मध्ये, सोलापूरजवळचा एकरूख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, पुरा झाला. पुढे भीमेवरील टाकळीहून आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनीहूनही पाणी आले. पण डीकनची रीत शहराच्या नळांना सरळ लावता येत नाही. तिला रात्रभर भरलेला नळ लागतो. आपले नळ बहुतेक वेळ रिकामे. रिकाम्या नळाची गळती ना मोजता येते, ना ऐकू येते. उलट दाब गेला की त्याच भोकांतून बाहेरचे घाण पाणी आत शिरते.

घरची टाकी मात्र चोवीस तास भरलेली असते. झोपताना टाकीत पट्टी उभी धरून पातळी टिपली. सकाळी ती 3 मिलिमीटर उतरली होती. टाकीचा व्यास 1 मीटर, म्हणजे आठ तासांत सुमारे 2.4 लिटर, चार दिवसांत 28 लिटर. (हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात जरूर द्यावे.) दुसऱ्या रात्री बेसिनखालची तोटी बंद ठेवली, तर पातळी जागची हलली नाही. मग नळी पुसून कोरडी केली आणि प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कपटा गुंडाळला. सर्वांत वरचा कपटा आधी भिजला. नळाच्या बुडाशी जोडनळीचा आटा बसतो, तेथील वायसर क्षारांनी कडक होऊन चिरला होता. पाणी तेथून नळीच्या पाठीवरून ओघळत, भिंतीला वळसा घालून ट्रॅपच्या तळाशी येऊन लोंबत होते.