ओसाका : सुताचे शहर आणि राबणारे हात

जपान म्हटले की आपल्या लोकांना घड्याळ, रेडिओ नि मोटारगाडी आठवते. पण त्याच्याही आधी जपान सूत काढून वर आला आणि त्या सुताचे मोठे शहर म्हणजे ओसाका.

शहर जुने आहे. राजपुत्र शोतोकू यांनी इ.स. 593 मध्ये येथे शितेन्नोजी विहार उभारला, असे परंपरा सांगते. तो कितीदा जळाला, पडला, तरी लोकांनी पुन्हा बांधला. पुढे देशभरचा तांदूळ येथल्या वखारींत येऊ लागला. म्हणून ओसाकाला 'देशाचे स्वयंपाकघर' म्हणत. व्यापाऱ्यांकडे पैसा आला, तशी कलाही वाढली. बुनराकू हे बाहुल्यांचे नाटक येथलेच.

मग गिरणी आली. शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने 1883 मध्ये 10,500 चात्यांची गिरणी चालू झाली. रातपाळी आधी रॉकेलच्या दिव्यांवर चाले. 1886 मध्ये विजेचे दिवे लागले. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या! यंत्राला विश्रांती नाही, मग माणसाला कुठली? 1893 मध्ये टाटांच्या सहकार्याने मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली आणि आपला कापूस तिकडे स्वस्तात जाऊ लागला. त्याच कापसाचे सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला भारी पडले. ओसाकाला लोक 'पूर्वेचे मँचेस्टर' म्हणू लागले.

पण हे सूत काढले कोणी? खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलींनी. बापाच्या हातात उचल, मुलगी गिरणीच्या वसतिगृहात आणि फाटकाला कुलूप. क्षयाने कित्येकजणी गेल्या. कारखाना कायदा 1911 मध्ये झाला, अंमल 1916 मध्ये, आणि बायकांची रातपाळी बंद झाली 1929 मध्ये. म्हणजे पहिल्या गिरणीपासून 46 वर्षे! होसोई वाकिझो हा स्वतः गिरणीकामगार. त्याने ह्या मुलींची कहाणी 'जोको आइशी' ह्या पुस्तकात 1925 मध्ये मांडली आणि त्याच वर्षी, अवघ्या 28 व्या वर्षी, तो वारला.

ह्याच शहरात कातडी कमावणारे, ढोल मढवणारे बुराकू लोकही राबत. 1871 च्या फर्मानाने त्यांचा हलका दर्जा कागदावर रद्द झाला, पण लग्नात नि नोकरीत नाही. 1922 मध्ये त्यांनी 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना काढली. कुणाची दया नको, आपली मुक्ती आपणच मिळवू, हा तिचा बाणा. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. ह्या लढ्याची आठवण ठेवणारे मानवी हक्कांचे संग्रहालय ओसाकात 1985 मध्ये उघडले. 2020 मध्ये ते बंद पडले.

1945 च्या बॉम्बवर्षावात शहर भाजून निघाले, तरी पुन्हा उभे राहिले. सूत मागे पडले, विजेची उपकरणे नि लहान-लहान कारखाने पुढे आले. 1970 आणि 2025 मध्ये तेथे जागतिक प्रदर्शने भरली.

जपानची प्रगती आपल्या मुलांनी जरूर अभ्यासावी. पण शिबुसावांच्या नावाबरोबर होसोईचे नावही पाठ करावे, आणि त्या रातपाळीच्या मुलींची आठवण ठेवावी.