आम्लवर्षा, माती आणि तीन प्रतिमाने
१९८० च्या दशकात अमेरिकेपुढे पेच होता: आम्लवर्षेने तळी लगेच नासतात, की माती काही दशके मारा झेलून मग हार मानते? पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यासाठी ‘मॅजिक’, ‘इल्वास’ आणि ‘एन्हान्स्ड ट्रिकल-डाउन’ ही संगणकीय प्रतिमाने ताडून पाहिली.

‘इल्वास’ची तपशिलांची भूक मोठी, १९८५ च्या ‘मॅजिक’ने मात्र सबंध पाणलोटाची माती जणू एकाच भांड्यात कालवली. (नाव जादूचे, हिशेब कॅल्शियम-मॅग्नेशियमचा!)

ईशान्येकडील माती सल्फेट फारसे अडवत नव्हती. दक्षिण ब्लू रिजची माती ते धरून ठेवी. तिथल्या ओढ्यांची निर्मळता उधारीवरची होती.

नॉर्वेत रिसडालशेया येथे तर १९८४ पासून पाणलोटावर पारदर्शक छप्पर घालून खाली स्वच्छ पाऊस शिंपडला गेला. ‘मॅजिक’चे भाकीत तिथे खऱ्या पाण्याशी पडताळता आले.