फिक्स्ड व्हील की गिअर? घड्याळाविरुद्धच्या शर्यतीतील सायकलची निवड

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाविरुद्धची सायकल शर्यत. स्पर्धक ठरावीक अंतराने, बहुधा एकेका मिनिटाने, एकटाच सुटतो. दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवण्यास मनाई असते आणि ठरलेले अंतर सर्वांत कमी वेळेत कापणारा विजयी ठरतो. हौशी सायकलपटूंमध्ये हा प्रकार सर्वाधिक रुजला तो ब्रिटनमध्ये. फिक्स्ड व्हील की गिअर, हा वादही तेथील रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सायकल संघटनेचा सार्वजनिक रस्त्यांवरील घोळक्याच्या शर्यतींना विरोध होता. त्यातून मार्ग काढण्यासाठी एफ. टी. बिडलेक यांनी ५ ऑक्टोबर १८९५ रोजी ५० मैलांची टाइम ट्रायल घडवून आणली. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून पुढे स्पर्धक काळ्या पोशाखात पहाटे धावत आणि मार्गांना सांकेतिक नावे दिली जात. १०, २५, ५० व १०० मैल ही तेथील रूढ अंतरे होत.

फिक्स्ड व्हीलमध्ये मागचे दातेरी चक्र चाकाशी पक्के जोडलेले असते. फ्रीव्हील नसल्याने चाक फिरते तोवर पेडल फिरतच राहते; पाय थांबवून उतार उतरता येत नाही. गिअरचे माप इंचांत सांगतात. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून चाकाच्या व्यासाने गुणले की ते मिळते. पुढे ४८, मागे १८ दाते आणि २७ इंची चाक असल्यास गिअर ७२ इंचांचा होतो. हंगामाच्या आरंभी होणाऱ्या ‘मीडियम गिअर’ शर्यतींत हीच कमाल मर्यादा असे. त्यामुळे स्वाराला जोरापेक्षा पाय चपळ फिरवण्याची सवय लागे.

फिक्स्ड व्हीलचे गुण साधेपणातून येतात. वजन कमी, साखळी सरळ रेषेत, बिघडणारे भाग थोडे आणि खर्चही बेताचा. पाय अखंड फिरत राहिल्याने लय टिकते, असे अनेक स्वार सांगतात. रे बूटी यांनी १९५६ मध्ये १०० मैल ३ तास ५८ मिनिटे २८ सेकंदांत पार करून चार तासांची मर्यादा प्रथम मोडली, ती ८४ इंची फिक्स्ड व्हीलवर. शरद ऋतूतील छोट्या, खड्या चढाच्या शर्यतींतही ही सायकल टिकून राहिली, कारण तेथे एकाच चढाला साजेसा गिअर आधी ठरवता येतो.

मर्यादा मात्र गणितातच दिसते. ९० इंची गिअरवर ताशी २५ मैलांचा वेग राखण्यास मिनिटाला सुमारे ९३ फेरे लागतात. बहुतेक सरावलेल्या स्वारांना ते जमते. चढावर वेग १२ मैलांवर आला की फेरे ४५ पर्यंत घसरतात आणि गुडघ्यांवर ताण येतो. उतारावर ३५ मैलांचा वेग आला की तेच १३० वर जातात आणि शक्ती पाय सावरण्यातच खर्च होते. जाऊन परतण्याच्या मार्गावर समोरचा वाराही हेच करतो: जाताना गिअर जड, येताना हलका. गिअरच्या सायकलीत साखळी तिरकी धावल्याने व डिरेल्युअरच्या छोट्या चक्रांमुळे थोडी शक्ती वाया जाते. पण प्रत्येक वेगाला पायांची गती सोयीची ठेवता येते. उंचसखल मार्गावर हा लाभ त्या तोट्याहून मोठा ठरतो.

सुरक्षिततेचा विचार वेगळा करावा लागतो. फिक्स्ड व्हीलवर पायांनी चाक रोखता येत असले, तरी वाहत्या रस्त्यावर पुढचा ब्रेक अनिवार्य मानावा. मागचे चक्र सुटू नये म्हणून त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग घट्ट बसवावी. वळणावर पेडल थांबवता येत नसल्याने ते जमिनीला घासण्याचा धोका असतो. ज्या जुन्या सांगाड्यात चाक मागेपुढे सरकवता येते, त्यात साखळीचा ताण सहज साधतो. नव्या सांगाड्यांपैकी बहुतेकांत तशी सोय नसते.

नियमही आधी पाहावेत. ब्रिटनमधील हौशी शर्यतींत दोन्ही प्रकार चालतात. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमांनुसार मात्र रस्त्यावरील शर्यतींत फिक्स्ड व्हीलला मनाई आहे. ते वेलोड्रोमसाठी राखलेले आहे. भारतात ज्या स्पर्धा या नियमांनी होतात, त्यांची तयारी गिअरच्या सायकलवरच करणे इष्ट.

एकच सायकल घेणे परवडणाऱ्या नवशिक्याने म्हणून गिअरची निवडावी. मार्ग सपाट, वारा मंद आणि पायांची लय पक्की असेल, तर फिक्स्ड व्हील कमी खर्चात तोडीस तोड वेळ देऊ शकते. दोन्ही प्रकारांत सर्वांत मोठा अडसर वाऱ्याचाच असल्याने, सायकल बदलण्यापूर्वी बसण्याची ठेवण सुधारणे बहुधा अधिक सेकंद वाचवते.