हातांना दिसावं म्हणून

हेडसेट डोळ्यांवर चढला की परिचारिकेपुढे वॉर्ड उभा राहतो. ती रुग्णाची नाडी पाहते, खाटेचा कठडा धरते आणि हात लागेल तिथे रंगाचे ठिपके उमटत जातात. न धुतलेला हात कुठे कुठे पोचतो, ते तिला दिसू लागतं. संसर्ग टाळण्याचं शिक्षण देणाऱ्या या आभासी वॉर्डाचं मूळ शोधत गेलं, तर आपण व्हिएन्नातल्या बाळंतिणींपाशी पोचतो.

१८४७ साली तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं, की शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हातांबरोबर प्रसूतिकक्षात मरण येतं आहे. जंतूंची कल्पना अजून रुजायची होती. साबणाने धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास येतो, ही खूण हाताशी होती. तो वास घालवणारं क्लोरीनयुक्त चुन्याचं पाणी त्यांनी सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये दोन. न दिसणाऱ्या शत्रूची ओळख अशी नाकाने पटली.

नियम कळला तरी अंगवळणी पडायला सराव लागतो. पण सरावातली चूक रुग्णाने का भोगावी? १९११ मध्ये बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांनी अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयासाठी माणसाच्या उंचीची बाहुली केली. परिचारिका शुश्रूषा शिकल्या त्या तिच्यावर. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये बनवलेल्या यंत्रात वैमानिक जमिनीवरच उड्डाण शिकू लागले. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी संगणकाची चित्रं थेट डोळ्यांपुढे आणली. ते उपकरण इतकं जड, की छताला टांगावं लागलं.

इकडे हात धुण्याच्या वर्गात चमकणारा द्रव आला. तो हातांना चोळून, मग हात धुऊन अतिनील दिव्याखाली धरले, की अंगठा, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या उजळतात. राहून गेलं ते नेमकं तिथेच.

२०१४ मध्ये डॅलसमध्ये इबोलाच्या रुग्णाची सेवा करताना दोन परिचारिकांना लागण झाली. संरक्षक पोशाख घालण्याइतकंच तो उतरवणंही घोटून घोटून शिकायला हवं, हे त्यानंतर अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत ठळकपणे आलं. असा सराव हेडसेटमध्ये हवा तितक्या वेळा करता येतो. एकही किट वाया जात नाही, कुणाचा जीव पणाला लागत नाही.

घामाने चिकटलेला हातमोजा मात्र तिथे नसतो. म्हणून खऱ्या हातमोज्यांचा सराव सोडून चालणार नाही. आणि शिकून परतलेल्या परिचारिकेला खाटेजवळ पाणी, साबण मिळायलाच हवा. सेमेलवाइस यांनीही नियम सांगण्याबरोबर हात धुवायला पाणी ठेवलं होतं.