लोकवर्गणीचे ग्रंथालय

लोकशाहीचे शिक्षण मतपेटीपाशी सुरू होत नाही; त्याची पूर्वतयारी गावच्या ग्रंथालयात होते, असे आमचे मत आहे. बडोदे संस्थानाचा इतिहास याला साक्ष आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी इ. स. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही न मिळाले, तर अक्षरओळख टिकणार कशी? म्हणून १९१० साली महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डेन यांस पाचारण केले. बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले व खेडोपाडी ग्रंथांच्या पेट्या फिरू लागल्या.

या योजनेतील एक तत्त्व विशेष मननीय आहे. गावाने प्रथम वर्गणी जमवावी, मग सरकारने तीत भर घालावी. सत्ता राजाची होती. तथापि ग्रंथालय गावाचे झाले. ज्याने वर्गणी दिली, तो हिशेबही विचारतो. आणि हिशेब विचारणे हाच नागरिकत्वाचा पहिला धडा होय.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानेही लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांस अनुदान देण्याचाच मार्ग पत्करला. तेव्हा ग्रंथालय जगविण्याचा भार आजही प्रथम आपणांवरच आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या. त्याच हातांनी आपण ग्रंथालयेही उभारावीत. मात्र त्यांच्या दारावर ज्ञातीची अट नसावी. केवळ आपल्यापुरते उघडणारे दार ज्ञातीचे कपाट ठरेल. सर्वांसाठी उघडे असलेलेच खरे ग्रंथालय होय.