अठ्ठावीस, एकवीस, चौदा, सात

अमरावतीहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी वऱ्हाडात ‘अंबा एक्स्प्रेस’ म्हणूनच ओळखली जाते. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव करत ती सकाळी मुंबईत शिरते. तिच्यातले काही प्रवासी शेवटच्या स्टेशनपर्यंत जात नाहीत, दादरलाच उतरतात. कपड्यांच्या पिशवीपेक्षा त्यांनी जपलेली असते ती फाईल. ही माणसे कर्करोगाच्या उपचारासाठी परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेली असतात. गप्पांना सुरुवात होते ती गावावरून, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, “तुमचं एकवीस दिवसांचं हाय की आठवड्याचं?”

केमोच्या दोन डोसांमध्ये किती दिवस सोडायचे, हा प्रश्न तसा डॉक्टरांचा. पण अकोला ते मुंबई हे अंतर जवळपास 580 किलोमीटर आहे, त्यामुळे वऱ्हाडात तो गाडीच्या तिकिटाचा, मजुरीचा आणि कापसाच्या वेचणीचाही होऊन बसला.

टाटा हॉस्पिटल सुरू झाले 28 फेब्रुवारी 1941 रोजी. तेव्हा स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच उपाय होते. केमोची, म्हणजे नसेतून देण्याच्या औषधांची, कहाणी सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धात, मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून. या वायूने पांढऱ्या पेशी मरतात हे दिसले. मग त्याच्याच जातीचे औषध रक्ताच्या कर्करोगावर वापरून पाहण्यात आले.

औषध सापडले, पण ते किती दिवसांनी द्यायचे? अमेरिकेत हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवर प्रयोग करून 1964 मध्ये एक हिशोब मांडला. प्रत्येक डोस ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक प्रमाणात पेशी मारतो. म्हणजे एका डोसाने काम भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. मध्ये अंतर ठेवावे लागते ते हाडांतल्या मगजासाठी. औषध मगजालाही झोडपते. साधारण दहा ते चौदा दिवसांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि मग हळूहळू भरून येतात. ‘पेशी कमी आल्या, डोस पुढे ढकलला’ हे वाक्य आज वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत पाठ आहे. त्याचे मूळ इथे आहे.

पहिले गाजलेले वेळापत्रक इटलीतल्या मिलानचे. जियानी बोनाडोना यांनी शस्त्रक्रिया झालेल्या 386 स्त्रियांचा अभ्यास 1976 मध्ये प्रसिद्ध केला. तीन औषधे, 28 दिवसांचे एक चक्र, अशी बारा चक्रे. चौदा दिवस गोळ्या घरी घ्यायच्या आणि पहिल्या व आठव्या दिवशी इंजेक्शनला यायचे. सुमारे सव्वादोन वर्षांच्या काळात, औषध न घेतलेल्यांपैकी 24 टक्के स्त्रियांत रोग परतला होता, औषध घेतलेल्यांत 5.3 टक्के. हेच ते ‘सीएमएफ’. पुढे बाराऐवजी सहा चक्रे पुरतात हेही सिद्ध झाले. तरी इंजेक्शनच्या खेपा बारा उरल्याच.

या खेपा अमेरिकेतही कुणीतरी मोजत होते. बर्नार्ड फिशर यांच्या गटाने 1990 मध्ये ‘एसी’ हा जोडडोस सीएमएफशी ताडून पाहिला. एसी दर 21 दिवसांनी, फक्त चार वेळा. गुण दोन्हींचा सारखाच आला. पण एसी 63 दिवसांत आटोपत होते, सीएमएफला 154 दिवस लागत होते आणि दवाखान्याच्या फेऱ्या तिप्पट पडत होत्या. किंमत दुसरीकडे मोजावी लागे: यातले ‘ए’ म्हणजे ॲड्रियामायसिन, लालभडक औषध. नर्स ते चालू सलाईनमधून सावकाश सोडते, कारण नसेबाहेर गेले तर कातडी जळते. त्या दिवशी लघवीही लालसर होते आणि दोन-तीन आठवड्यांत केस जातात. फाईलवर नाव काहीही असो, बायका त्याला ‘लाल औषध’च म्हणतात.

एकवीस दिवसांचा आकडा पक्का झाला तो असा. वऱ्हाडच्या पेशंटपुढे पेच होता तो या मधल्या दिवसांत राहायचे कुठे, घरी परतायचे की मुंबईतच थांबायचे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच पेशंटना आसरा देत आली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. उपचारासाठी मुंबईऐवजी नागपूरला जाणाऱ्यांच्या वाटेवर दुसरे संत भेटतात. अमरावतीहून निघालेली एसटी मोझरीवरून जाते. तिथल्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी 11 ऑक्टोबर 1968 रोजी देह ठेवला, तो कर्करोगानेच. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे.

दरम्यान पॅक्लिटॅक्सेल आले. यू वृक्षाच्या सालीतले हे द्रव्य, आणि त्याची रचना 1971 मध्ये उलगडणाऱ्यांपैकी एक होते मनसुख वाणी, नंदुरबारला जन्मलेले. वऱ्हाडची पूर्णा ज्या तापीला मिळते, त्याच तापीच्या खोऱ्यातला हा माणूस. एसीनंतर हे औषध द्यायचे ठरले आणि अंतराचा वाद पुन्हा पेटला.

लॅरी नॉर्टन यांचे म्हणणे होते, गाठ लहान झाली की उरलेल्या पेशी उलट अधिक वेगाने वाढतात, म्हणून त्यांना सवड देऊ नका. अमेरिकेतल्या 2005 स्त्रियांवर ते तपासले गेले आणि 2003 मध्ये निकाल छापून आला. दर 14 दिवसांनी डोस घेतलेल्यांपैकी 82 टक्के चार वर्षांनंतर रोगमुक्त होत्या, 21 दिवसांनी घेतलेल्यांपैकी 75 टक्के. हे जमले ते पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनमुळे. ते भारतातही बनू लागले, पण त्याला 2 ते 8 अंशांची थंडी लागते. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. तेव्हा औषधाच्या दुकानापासून घरापर्यंत ते बर्फात घालून न्यावे लागते, आणि ओळीने काही दिवस ते टोचायला कुणीतरी हवे असते.

पुढे 2008 मध्ये आणखी एक पर्याय भक्कम ठरला: पॅक्लिटॅक्सेल कमी मात्रेत, दर आठवड्याला, बारा वेळा. तीन आठवड्यांच्या डोसापेक्षा गुण सरस. टाटानेही 2010 पासून सातशेवर स्त्रियांवर साप्ताहिक डोसाचाच पाया घेऊन कार्बोप्लॅटिन या औषधाची चाचणी केली. तिचा निकाल डिसेंबर 2022 मध्ये मांडला गेला. स्तनाच्या कर्करोगाच्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना त्याचा ठळक फायदा दिसला.

आता वऱ्हाडचा हिशोब करू. सगळे डोस तीन आठवड्यांनी घेतले तर एसीच्या चार आणि पॅक्लिटॅक्सेलच्या चार मिळून आठ खेपा, मुंबईची जाऊन-येऊन नऊ हजारांवर किलोमीटर. पॅक्लिटॅक्सेल आठवड्याचे घेतले तर सोळा खेपा, अठरा हजारांवर. घराजवळ सलाईन लावायची सोय नसेल तर उत्तम वेळापत्रक कागदावरच राहते.

ही सोय थोडी थोडी होत गेली. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होते. अकोल्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले. जिल्हा रुग्णालयांत मोफत केमो देण्याची घोषणा राज्याने 2018 मध्ये केली, तेव्हा पहिल्या टप्प्याच्या यादीत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. औषधाचा आराखडा टाटासारख्या ठिकाणी ठरायचा आणि सलाईन जिल्ह्यात लागायची, अशी ती कल्पना.

साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेल तासाभरात संपते. आधीची ॲलर्जीची इंजेक्शने आणि रक्ततपासणी धरली तरी दर्यापूरची बाई सकाळच्या एसटीने अकोल्याला येऊन संध्याकाळी घरी पोचू शकते. वेचणीचा एक दिवस बुडतो, आठवडा नाही. पेशी भरल्या नाहीत, तर मात्र तिला रिकाम्या हाताने परतावे लागते आणि फाईलवर पुढच्या आठवड्याची तारीख पडते.