दरडीचा नकाशा

भाजे लेणी पाहायला मावळात येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की १९८९च्या जुलैत याच भाजे गावावर दरड कोसळली होती? पुढे पंचवीस वर्षांनी, ३० जुलै २०१४ला, पुणे जिल्ह्यातलंच माळीण गाडलं गेलं. सुमारे दीडशे माणसं गेली. गाव दिसत नाही, हे बाहेर कळवलं एसटीच्या चालकानं!

डोंगरउताराची माहिती भूवैज्ञानिकांकडे, पावसाची वेधशाळेकडे, घरांची तलाठ्याकडे. ती एका नकाशावर आली, तरच कोणती वाडी रात्रीच हलवायची हे तहसीलदाराला ठरवता येईल, असं मला वाटतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवण भागांचा नकाशा आता सर्वांना खुला आहे. पण त्यात एक किलोमीटर जेमतेम दोन सेंटिमीटरचा. लोणावळ्यालगतची वाडी म्हणजे ठिपका! जमिनीला गेलेली नवी भेग त्यावर गावकऱ्यांनीच दाखवायला हवी.